झाडीपट्टीच्या प्रेक्षकाने इटालियन ऑपेरा कसा ऐकावा

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रात्री सतरंजीवर बसून ज्याने पहाटेपर्यंत झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातले, नाटक पाहिले आहे, त्याने ऑपेरा हे आपले काम नव्हे असे समजण्याचे कारण नाही. गाण्यातून कथा पुढे नेणे आणि प्रेम, मत्सर, सूड यांत जराही काटकसर न करणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे. फरक असा की ऑपेरात संवादही बहुतेक गायले जातात, आणि गायकाला माईकशिवाय सबंध वाद्यवृंदावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. तो आवाज प्रथम अनैसर्गिक वाटतो, परंतु त्यामागची ही गरज ओळखली की कान सरावतात.

नियम एकच पाळावा : आधी कथा, मग गाणे. अंकवार कथानक आणि पात्रांची नाती वहीत मराठीत उतरवून घ्यावीत, रेंज बरी असेल तेव्हा इंग्रजी उपशीर्षकांचे चित्रीकरण उतरवून ठेवावे आणि एका रात्री एकच अंक पाहावा. मोबाईलच्या स्पीकरवर खर्जातली वाद्ये जवळजवळ नाहीशी होतात, म्हणून इअरफोन लावावेत.

सुरुवात संगीतकार लेओनकाव्हाल्लो यांच्या 'पालियाच्ची'पासून करावी, असे माझे मत आहे. १८९२ मध्ये मिलानमध्ये प्रथम सादर झालेला हा ऑपेरा जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि त्याची कथा फिरत्या नाटक मंडळीची आहे. दक्षिण इटलीतल्या एका खेड्यात सणाच्या दिवशी ही मंडळी येते आणि संध्याकाळच्या खेळाची दवंडी देते. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे गाव असलेल्या वडशाच्या कंपनीची गाडी गावात शिरताना पाहिलेल्या माणसाला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी, पत्नीचे दुसऱ्यावर प्रेम आहे हे नुकतेच कळलेला मंडळीचा प्रमुख कानिओ खेळासाठी तोंडाला रंग लावायला बसतो आणि स्वतःलाच बजावतो की पोशाख चढव, लोकांनी पैसे मोजले आहेत, त्यांना हसायचे आहे. हे तीन-चार मिनिटांचे गाणे प्रथम अर्थासाठी, नंतर केवळ आवाजासाठी आणि तिसऱ्यांदा फक्त वाद्यांसाठी ऐकावे, कारण त्याचा आवाज थांबल्यावर उरलेले रडणे वाद्यवृंद पुरे करतो. गायक एन्रिको कारुसो यांचे या गाण्याचे १९०७ चे ध्वनिमुद्रण थोर आहे, पण त्यातली खरखर नवख्याला अडते; ते पुढे ऐकावे.

यानंतर मन हलके करण्यासाठी दोनिझेत्ती यांचा 'लेलिझिर दामोरे' (१८३२) घ्यावा. त्यातला दुल्कामारा गावकऱ्यांपुढे सर्व रोगांवरचे औषध विकतो आणि भोळ्या नेमोरिनोला वशीकरणाचे औषध म्हणून साधी दारूच देतो. आठवडी बाजारातला जडीबुटीवाला आठवल्याखेरीज राहत नाही. रोस्सिनी यांचा 'सेव्हिलचा न्हावी' आणि पुच्चिनी यांचा 'ला बोहेम' हे पुढचे सोपे टप्पे आहेत. मोंतेव्हेर्दी यांचा 'ऑर्फेओ' १६०७ चा, म्हणजे या सर्वांहून फार जुना आहे. केवळ कालक्रम पाळायचा म्हणून त्याने आरंभ करू नये.

वेर्दी यांच्यासाठी मात्र सवड काढावी. खेड्यातल्या खानावळवाल्याच्या या मुलाने १८५१ मध्ये रचलेल्या 'रिगोलेत्तो'तील चौघांचे गाणे चार वेळा, दर वेळी एकाच आवाजाचा माग धरून ऐकावे : सरदार आत लाडीगोडी करतो, मादालेना हसते, बाहेर त्या सरदारावर जीव जडलेली जिल्दा खचते आणि तिचा बाप रिगोलेत्तो सूड ठरवतो. त्याच सरदाराच्या तोंडची 'ला दोन्ना ए मोबिले' ही चाल जाहिरातींतूनही वाजते, तरी ती सुटी ऐकून ठेवू नये. आत सरदाराचे प्रेत आहे अशा समजुतीने पोते नदीत लोटण्याच्या बेतात असलेल्या रिगोलेत्तोला तीच चाल दुरून, जिवंत माणसाच्या गळ्यातून ऐकू येते, आणि पोत्यात मग कोण आहे हा प्रश्न त्याच्याबरोबर आपल्यालाही त्याच क्षणी पडायला हवा.