जुन्या गाडीचा एसी घरी फ्लश करायचाय (आतून धुवायचाय)? आधी लिकेज शोधा

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. जुन्या वॅगनआर, सँट्रो, झेनमध्ये वर्षानुवर्षांत थोडा कमी होतो ते समजू शकतो, पण दर उन्हाळ्यात भरायला लागत असेल तर कुठूनतरी लिक आहे, आणि लिक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

त्याच्याही आधी फुकटातल्या गोष्टी बघा. एसी लावल्यावर कंडेन्सरचा (रेडिएटरपुढचा, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) फॅन फिरतोय का, कंडेन्सरच्या जाळीत माती-किडे अडकलेत का, ब्लोअरची हवाच कमी येतेय का. कुलिंग कॉइलवर (आतली हवा थंड करणारी जाळी) पाला आणि धूळ बसलेली असते, कधी उंदराचं घरटं पण निघतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

लिकेज शोधायला महागडं मशीन नको. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं, म्हणून जिथे तेलकट डाग आणि त्यावर काळी धूळ चिकटलीय तिथे संशय घ्या: होजचे जॉइंट, कंडेन्सरची खालची बाजू (दगड लागतात), कंप्रेसरचा (गॅस दाबणारा पंप) शाफ्ट सील, आणि गॅस भरायच्या पोर्टमधली पिन. ही पिन अगदीच स्वस्त असते आणि हिलाच कुणी विचारत नाही.

फ्लश सगळ्यांना लागत नाही हो, गॅरेजवाला काहीही म्हणू दे. कंप्रेसर जाम होऊन आतून धातूचा चुरा निघाला असेल, ऑइल काळं झालं असेल, किंवा नव्वदच्या सुरुवातीची आर १२ (जुना गॅस) वाली गाडी आर १३४ए (त्याच्या जागी आलेला गॅस) वर आणायची असेल (जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसबरोबर मिसळत नाही) तरच करा. नुसती ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी रिंग) बदलायची तर फ्लशची गरज नाही.

खोलायच्या आधी उरलेला गॅस एसीवाल्याकडे रिकव्हरी मशीनने काढून घ्या. हवेत सोडू नका, कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटीहून जास्त तापवणारा गॅस आहे तो, शिवाय अंगावर उडाला तर कातडी गोठते. गॉगल आणि हातमोजे घाला, काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-सिगारेट नको.

आता कंप्रेसर, ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन वॉल्व (कुलिंग कॉइलआधी गॅसचा दाब कमी करणारा) काढा, या तिघांमधून फ्लश कधीच मारायचा नाही. कुलिंग कॉइल आणि होज एकेक करून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट्या दिशेने, एसीसाठीच मिळणारं सॉल्व्हेंट घालून धुवा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल अजिबात नको. मग कोरड्या नायट्रोजनने १०० पीएसआयच्या आसपास फुंका, रेग्युलेटर लावूनच, आणि बाहेर पडणारं सॉल्व्हेंट स्वच्छ दिसेपर्यंत परत परत. फ्रिज रिपेअरवाल्याकडे नायट्रोजनची टाकी असते. त्या जागी ऑक्सिजन चुकूनही लावू नका, ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो. पंक्चरवाल्याची हवा पण नको, तिच्यात पाणी असतं. बारीक नळ्यांचा पॅरलल फ्लो कंडेन्सर असेल आणि त्यात चुरा गेला असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवा घ्या.

जोडताना सगळ्या ओ-रिंग नव्या, आर १३४ए ला चालणाऱ्या, कंप्रेसर ऑइल बोटाने लावून बसवा. ऑइल कंप्रेसरच्या स्टिकरवर लिहिलेलंच आणि तेवढंच. सगळं धुतलंय म्हणून पूर्ण मापाने टाका आणि कंप्रेसरचा हब (पुलीपुढचा मधला भाग) हाताने दहा-बारा वेळा फिरवा, नाहीतर आत साचलेल्या ऑइलने कंप्रेसरला झटका बसतो. ड्रायर नवाच लावा आणि त्याची झाकणं अगदी शेवटी काढा, तो हवेतला दमटपणा ओढून घेतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, फेब्रुवारीत उरका.

मग व्हॅक्युम, म्हणजे गेज सेट (लाल-निळ्या होज आणि वॉल्वचं मीटर) लावून पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. पंप पाऊण तास चालवा, काटा २९ इंचाजवळ गेला की वॉल्व बंद करून अर्धा तास थांबा. काटा हलला तर लिकेज बाकी आहे किंवा आत ओल आहे. गॅस भरायची घाई इथे करू नका.

गॅस बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे, वजनावर. छोट्या गाड्यांत बहुतेक ४००-६०० ग्रॅम लागतो, किचनमधला डिजिटल काटा चालतो. गाडी चालू, एसी फुल, कॅन उभा, गॅस फक्त निळ्या होजने लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला). लाल वॉल्व चालू गाडीत उघडलात तर हाय साइडचं प्रेशर उलट कॅनमध्ये जाऊन कॅन फुटेल. स्वस्तातला एलपीजी मिसळलेला गॅस कोणी देत असेल तर हात जोडा, कुलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि ती फुटली तर तो गॅस तुमच्या पायाशी येतो. ३५ डिग्रीत मधल्या व्हेंटला १० च्या आसपास आलं की पुरे, अजून थंड करायच्या नादात जास्त भरलात तर कुलिंग उलट कमी होतं.

किती ग्रॅम भरला, कुठलं ऑइल टाकलं आणि तारीख, हे मार्करने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढच्या वेळी कुणीही खोलला तरी अंदाजपंचे काम होणार नाही.