ध्रुवतारा दिसत नसेल तर: इक्वेटोरियल माउंट उभा करून कसा वापरावा

इक्वेटोरियल माउंट म्हणजे दुर्बिणीचा असा स्टँड, ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. घोडबंदर रोडला सोसायटीच्या आवारात दुर्बीण लावली आणि उत्तरेला पावणेदोनशे मीटरच्या आत ६० मीटर उंचीचा टॉवर असला, तर ध्रुवतारा त्याच्याआड गेलाच. वाशी-नेरुळकडे टॉवर आड आला नाही तरी क्षितिजालगतचा धुरकटपणा येतोच. शिवाय अक्ष १९ अंशांवर इतका खाली झोपतो की प्रतिभाराची, म्हणजे नळीचा तोल साधणाऱ्या वजनाची, दांडी अनेकदा उत्तरेकडच्या पायाला अडते. फोटो न काढता दुर्बिणीतून फक्त डोळ्यांनी चंद्र, ग्रह, तारकागुच्छ पाहायचे असतील, तर हाच माउंट ९० अंशांवर उभा करून वापरणे इथे जास्त सोयीचे. विषुवांशाचा, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखायचा अक्ष उभा झाला की तो दिगंशाचा होतो, म्हणजे डावे-उजवे फिरण्याचा. त्याला काटकोनातला क्रांतीचा अक्ष आडवा होतो आणि उन्नतांशाचे, म्हणजे वर-खालीचे काम करतो. न्यूटनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत आणखी एक फायदा: आयपीस (डोळा लावायचे भिंग) सतत एकाच बाजूला राहते, मान वेडीवाकडी करावी लागत नाही.

सुरुवात नळी उतरवण्यापासून करा. मग प्रतिभार काढा, आणि त्यानंतरच अक्षांशाच्या, म्हणजे अक्षाचा कल बदलणाऱ्या बोल्टला हात लावा. हा क्रम चुकला की पाच-सहा किलोचा भार एका बारीक बोल्टवर येतो आणि तो वाकतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब न करता, माथ्यावर लेव्हल ठेवून तो सपाट करा. अक्षांशाचा लॉक सैल करून बोल्ट फिरवत अक्ष वर आणा. ईक्यू-१, ईक्यू-२ यांसारखे छोटे माउंट सहसा ९० पर्यंत सहज येतात. मोठे माउंट त्याआधीच अडतात. बोल्टच आड येत असेल तर तो काढून टाका आणि लॉक घट्ट आवळा. ओतकामाचा कंगोरा आड येत असेल तर तो घासत बसू नका, ताकद तिथेच असते.

किती अंश कमी पडतात ते मोबाइलच्या लेव्हल अ‍ॅपने मोजा. दोन-तीन अंश असतील तर एक पाय थोडा लांब करून भागते. त्याहून जास्त असतील तर पायावर भागवू नका, स्टँड उलटतो. तिथे पाचर हवी. १२० मिमी लांबीच्या बैठकीला १५ अंश कमी पडत असतील, तर एका बाजूची उंची दुसरीपेक्षा ३२ मिमी जास्त ठेवावी लागते. पण एक कड शून्यावर आणून भरीव पाचर केली, तर मधला बोल्ट तिरका जातो आणि धड आवळला जात नाही. म्हणून दोन प्लेटा आणि बाजूला दोन तिरके गाल, अशी पोकळ पेटी करा. एका टोकाला ४५ मिमी, दुसऱ्या टोकाला ७७. मधे हात आणि पाना जाईल एवढी जागा राहते. खालची प्लेट ट्रायपॉडच्या बोल्टने, वरची माउंटच्या बोल्टने धरायची. जाड बाजू, अक्ष ज्या दिशेला झुकलेला आहे त्याच बाजूला. वागळे इस्टेट किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातला कोणताही लेथवाला १० मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये हे करून देईल. १८ मिमी मरीन प्लायही चालते. जुना बोल्ट सोबत न्या, आटे जुळवून घ्या. खाडीच्या हवेत साधे नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतात, त्यामुळे स्टेनलेसचेच घ्या.

अक्ष खरेच उभा झाला की नाही, हे पाहण्याची खात्रीची युक्ती अशी. प्रतिभाराची दांडी आडवी आहेच, तिच्यावर लहान लेव्हल चिकटपट्टीने बसवा आणि माउंट एक पूर्ण फेरा फिरवा. बुडबुडा नेमका मध्यावर असलाच पाहिजे असे नाही. तो जिथे आहे तिथेच चारही दिशांना राहिला पाहिजे. एका बाजूला पळत असेल तर अक्ष त्याच्या विरुद्ध बाजूला कललेला आहे, कारण बुडबुडा उंच बाजूकडे जातो. अक्षांशाचा बोल्ट अक्षाला ज्या दिशेत झुकवतो त्या दिशेतला दोष बोल्टने, तिला आडव्या दिशेतला पाय सरकवून काढा.

आता नळी चढवताना सावध. एरवी नळी माउंटच्या डोक्यावर बसते. या पद्धतीत ती बाजूला लटकते, आणि सगळा भार डोव्हटेलच्या, म्हणजे नळीची पट्टी धरणाऱ्या खोबणीच्या, एक-दोन स्क्रूंवर येतो. नळी वर रोखली की पट्टी उभी होते आणि स्क्रू सैल असेल तर सरळ खाली घसरते. म्हणून पट्टीच्या नळीच्या तोंडाकडच्या टोकाला ६ मिमीचा आडवा स्क्रू बसवा. पट्टी घसरलीच तर तो खोबणीला अडतो. रिंगा थेट माउंटला बोल्ट केलेल्या असतील तर नटांखाली स्प्रिंग वॉशर घाला. नळी रिंगांत फिरवायची असेल तेव्हा ती आधी आडवी करा.

तोल दोनदा साधायचा. आयपीस आणि फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) लावून, नळी आडवी ठेवून क्रांतीचा क्लच मोकळा करा. तोंड खाली जात असेल तर नळी मागे सरकवा. मग नळी सत्तर अंशांवर नेऊन पुन्हा सोडा. आडवी असताना स्थिर आणि वर गेल्यावर डोलते, म्हणजे वजन नळीच्या एका अंगाला जास्त आहे. हे बहुधा फाइंडर आणि फोकसरचे (आयपीस धरणाऱ्या भागाचे) असते. नळी रिंगांत फिरवून ते दोन्ही उन्नतांशाच्या अक्षाच्या रेषेत आणा, म्हणजे बाहेरच्या बाजूला. दिगंशात मात्र तोल बिघडला तरी नळी आपोआप फिरत नाही, कारण अक्ष उभा आहे. म्हणून प्रतिभार घरी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका; तो नसेल तर स्टँड नळीच्या बाजूला कलंडतो.

विषुवांशाच्या तबकडीवर तास छापलेले असतात, १ तास म्हणजे १५ अंश. बारीक वाचन होत नाही. त्याऐवजी ११४.६ मिमी व्यासाची कागदी चकती छापून लॅमिनेट करा. तिचा घेर बरोबर ३६० मिमी, म्हणजे १ मिलिमीटरला १ अंश. ती माउंटच्या न फिरणाऱ्या भागावर, दर्शक काटा फिरणाऱ्या भागावर. उन्नतांशासाठी चुंबकाचा डिजिटल अँगल गेज नळीवर बसवा, नळी लोखंडी असेल तर लगेच चिकटतो. एका ओळखीच्या ताऱ्यावर चकती जुळवली की स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या प्रोग्रॅममधले आकडे थेट वापरता येतात.

पाहताना दोन्ही अक्षांच्या, सावकाश फिरवायच्या मुठी फिरवाव्या लागतात, पण इथल्या अक्षांशावर त्याचा त्रास दिशेप्रमाणे बदलतो. नेमक्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेला तारा तासाला सुमारे १४ अंश वर किंवा खाली जातो, आडवा फक्त ५ अंश. दक्षिणेला ४५ अंशांवरचा तारा उलट, जवळजवळ सगळाच आडवा, तासाला १९ अंश. १०० पट वर्धनाला अर्ध्या अंशाच्या क्षेत्रातून तारा दोन मिनिटांत निघून जातो. म्हणून तो क्षेत्राच्या एका कडेला ठेवून मध्यातून जाऊ द्या, मग मूठ फिरवा.

अडचण खस्वस्तिकाजवळ, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूजवळ येते, आणि ठाण्यात नेमकी स्वाती जवळजवळ डोक्यावरून जाते. मेच्या मध्यात रात्री अकरा-साडेअकराला ती तिथे असते. त्या वेळी दिगंश इतका झपाट्याने बदलतो की मूठ पुरत नाही. तासभर आधी किंवा नंतर पाहा. नळीचे बूड पायाला घासत असेल तर दिगंशात अर्धा फेरा फिरवा आणि नळी डोक्यावरून पलीकडे आणा. नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि सहसा पाय मोकळा होतो. लांब अपवर्तक (भिंगाच्या) दुर्बिणीला तेवढ्याने भागत नाही, तिला ट्रायपॉड आणि माउंट यांच्यात १५०–२०० मिमी उंचीचा पाइपचा तुकडा लागतो.

मोटर लावलेली असेल तर काढून ठेवा. ती उभ्या अक्षाभोवती एकाच गतीने फिरवते, ताऱ्याची चाल तशी नसते. चंद्राचे मोबाइलने फोटो निघतात; लांब एक्स्पोजरसाठी मात्र अक्ष पुन्हा १९ अंशांवर आणावा लागेल, म्हणून बोल्ट हलवण्याआधीच जुन्या जागेवर नेलपॉलिशची खूण करून ठेवा.