ग्रामसभेत नुसतं बोलू नका, प्रोसिडिंगला घ्यायला लावा

आमच्या वरच्या आळीला पाणी चढायचंच नाही. मी तीन ग्रामसभांत तावातावाने बोललो, लोकांनी माना डोलावल्या, सरपंच "बघू" म्हणाले, आणि नंतर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, उघडून बघतो तर माझ्या बोलण्याची एक ओळ नाही, "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" एवढंच!! तेव्हापासून सगळं लेखी.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. नोटीस सात दिवस आधी लागते, ती दिसली की त्याच दिवशी अर्ज द्यायचा, दोन प्रती काढायच्या, एक ग्रामपंचायतीला आणि दुसरीवर सही-शिक्का-तारीख घेऊन पोच आपल्याकडे. विषय अजेंड्यावर आला पाहिजे, "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलला की तोवर लोक जेवायला उठलेले असतात.

आता कोरम. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात, नाहीतर सभा तहकूब. आणि गंमत अशी की तहकूब सभेला कोरम लागतच नाही, म्हणजे पुढच्या वेळी दहाबारा जणांतही ठराव मंजूर होऊ शकतात. म्हणून आळीतली पंधरावीस माणसं हाताला धरून न्या. बायकांची महिला ग्रामसभा आधी होते, तिथेही हाच ठराव घ्यायला लावा, आमच्याकडे खरा जोर तिथूनच आला.

सभेत भाषण नको, ठराव मांडा. "पाण्याचा प्रश्न सोडवावा" असलं मोघम लिहिलं तर कुणीच बांधील नाही, "वरच्या आळीसाठी वेगळी पाइपलाइन विकास आराखड्यात घ्यावी" असं लिहा, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. उठायच्या आधी ते मोठ्याने वाचून घ्या. सही जिथे मजकूर संपतो तिथेच करा, दुसऱ्या दिवशी शिपाई घरी रजिस्टर घेऊन आला आणि वरचं पान कोरं असलं तर चहा पाजा पण सही देऊ नका.

नंतर टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, अमुक तारखेच्या सभेच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रत मागा. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे असतं पण तिथे नंबर लागायला वेळ जातो, शक्यतो पहिल्यातच मिटवा.

शहरात ग्रामसभा नाही, तिथे महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन बघा, त्यात अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात.

आमचे पाइप मारुतीच्या देवळामागे येऊन पडलेत, खोदाई बाकी आहे. त्याचा अर्ज काल दिला, पोच घेतली.