कुष्ठरुग्णांच्या सेवेला चार-पाच दिवस जायचंय? नागपूरच्या चर्चमधल्या तरुण संघांसाठी थोडं सरळ सरळ

ख्रिसमस आटोपला, न्यू इयरची उपासना झाली की आपल्याकडच्या तरुण संघांना मिशन ट्रिपचे वेध लागतात, त्यात ३० जानेवारीला भारतात कुष्ठरोग दिन पाळतात म्हणून मग "चला कुष्ठरुग्णांच्या सेवेला जाऊ" असं ठरतं. चांगलंच आहे. पण चार दिवसांसाठी येणारी वीस पोरं म्हणजे तिथल्या लोकांवर आधी ओझंच असतं बरं का, त्यांची राहायची सोय करा, जेवण करा, काय करायचं ते शिकवा. हे ओझं जेवढं कमी कराल तेवढीच तुमची सेवा.

पहिलं काम फोन. बॅनर नाही, टी-शर्ट तर अजिबात नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला द लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे, ही संस्था १८७४ पासून हेच काम करतेय. ख्रिस्तीच संस्था पाहिजे असं नसेल तर वर्ध्याजवळ दत्तापूर आहे, अमरावतीला तपोवन आहे, वरोऱ्याचं आनंदवन तर सगळ्यांना माहीतच. पाळकसाहेबांचं पत्र घ्या, किमान दीड-दोन महिने आधी बोला आणि "आम्ही हे हे करणार" असं सांगू नका, "तुम्हाला त्या आठवड्यात काय लागेल" असं विचारा. उत्तर बहुतेक बोअरिंग येतं, भिंती रंगवायच्या, जुन्या फाइली लावायच्या, गवत काढायचं, मुलांचा गणिताचा अभ्यास घ्यायचा. तेच करायचं. आणि ते म्हणाले की सहाच जण या तर सहाच जायचं, बाकीच्यांनी वर्गणी द्यायची.

जायच्या आधी एक संध्याकाळ बसून आजार समजून घ्या, शक्यतो डॉक्टर नाहीतर नर्सला बोलवून, आपल्या चर्चच्या मंडळीत कोणीतरी असतंच. थोडक्यात सांगायचं तर हा जंतूमुळे होणारा आजार आहे, शाप-बिप काही नाही, ज्याचा उपचार सुरू झालेला नाही अशा पेशंटच्या खूप जवळ खूप काळ राहिल्यावर पसरतो आणि बहुतेक लोकांना तरीही होत नाही. हात मिळवून, सोबत जेवून होत नाही. १९८२ पासून एमडीटी नावाचा, दोन-तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट, आजार कमी पसरलेला असेल तर ६ महिने आणि जास्त असेल तर १२ महिने. त्यातल्या एका गोळीनं चामडी काळपट पडते म्हणून कोणाला "अहो इतके काळे कशानं पडले" असं विचारत बसू नका. तुम्हाला वसाहतीत जे म्हातारे आजी-आजोबा दिसतील, बोटं आखडलेली, पायाला पट्टी, ते बहुतेक कधीचेच बरे झालेले असतात, जंतू गेला पण नसा खराब झाल्या त्या परत येत नाहीत. बोटं गळून पडतात हा गैरसमज आहे, हातापायाला कळतच नाही म्हणून चटके बसतात, जखमा होतात, त्या चिघळतात आणि हाडं झिजत जातात.

हे समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. म्हणजे बघा, आपण प्रेमानं स्टीलच्या ग्लासात वाफाळता चहा हातात देतो, त्या आजीच्या हाताला गरम कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. चहा कान असलेल्या कपात द्यायचा आणि थोडा निवू द्यायचा. चपला वाटायच्या असतील तर बाजारातल्या नकोतच, खिळा मारलेल्या तर मुळीच नकोत, त्यांना एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या मापाच्या चपला लागतात, त्याचे पैसे संस्थेला द्या. काहींचे डोळे पूर्ण मिटत नाहीत, त्यांच्यासाठी गॉगल आणि कडेची टोपी ब्लँकेटपेक्षा जास्त कामाची (ब्लँकेट प्रत्येक टीम आणते, कपाटं भरलीत). पण हेही आधी विचारूनच.

मलमपट्टीला हात लावायचा नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम. टीममधे डॉक्टर नसेल तर मेडिकल कॅम्पचं नावच काढू नका, गोळ्या वाटणं म्हणजे सेवा नव्हे. हां, एक गोष्ट तुम्ही नक्की करू शकता. रोज पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, घट्टे हलकेच घासायचे, ओले असतानाच तेल लावायचं आणि तळवे नीट बघायचे, हे त्यांनी करायचं असतं आणि एकट्यानं करायचा कंटाळा येतो. तुम्हीही बादलीत पाय सोडून शेजारी बसा, गप्पा मारा, वीस मिनिटं कशी जातात कळत नाही. पाणी गरम नको हे वेगळं सांगायला नको.

प्रार्थनेचं जपून. तिथं हिंदू असतात, बौद्ध, मुसलमान, मेळघाटातले कोरकू असतात, कोणी मागितली तर प्रार्थना जरूर करा, तिथल्या पाळकांना विचारून करा, पण एका हातात ब्लँकेट आणि दुसऱ्या हातात पत्रक हे धंदे नकोत. परतवाड्याच्या पुढं बैतूलकडं गेलात की एमपी लागतं आणि तिथं २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, धर्मांतरासाठी दिलेली भेटवस्तूसुद्धा त्यात प्रलोभन धरतात. संदेश द्यायची वेळ आलीच तर कृपा करून बायबलातल्या लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी नको बाप्पा! प्रत्येक टीम तेच घेऊन येते, ऐकणाऱ्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यापेक्षा त्यांनाच एखादं गाणं म्हणायला सांगा, सुरात म्हणणारे निघतात.

फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि विचारून हो म्हटलं तरी हातापायाचे क्लोजअप नाही. आजही कितीतरी लोकांच्या घरी, सुनेच्या माहेरी हे माहीत नसतं, तुमच्या स्टेटसमुळं कोणाचं लग्न मोडायला नको.

आता प्रवास. गणेशपेठहून एसटीनं अमरावती साधारण दीडशे किमी, तिथून परतवाडा पन्नासेक, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून मुली जास्त असतील तर ट्रॅव्हल्सपेक्षा एसटीच परवडते. डिसेंबर ते अर्ध्या फेब्रुवारीपर्यंतच जा, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तुम्हीच अ‍ॅडमिट व्हाल. पाण्याच्या बाटल्या, चादर, स्वतःचं ताट-वाटी, रंगकामाचे जुने कपडे घ्या. आणि चिखलदरा जवळच आहे म्हणून शेवटचा दिवस तिकडं पळायचा प्लॅन असेल तर वर्गणी गोळा करतानाच सांगून टाका, सेवेच्या पैशात पिकनिक लपवू नका.

बाहेरदेशातले पाहुणे सोबत येणार असतील तर व्हिसाचं आधीच बघा, टुरिस्ट व्हिसावर मिशनरी काम चालत नाही, त्याचा वेगळा व्हिसा असतो. त्यांनी डॉलर आणले म्हणून तिथं कोणाच्या हातात देऊ नका, परदेशी देणगी संस्थेच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यातच जावी लागते, नाहीतर तुमच्यापायी संस्थेचं लायसन्स अडकायचं.

परत आल्यावर रविवारी मंडळीत रिपोर्ट देताना खर्चाचा हिशोब आधी वाचा, साक्ष मग. आणि तिथल्या ऑफिसला आठवडाभरात फोन करून विचारा की आमच्यामुळं काय त्रास झाला, मोकळेपणी सांगा म्हणावं, ते लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या सेक्रेटरीच्या हातात द्या.