टायरचा पिवळा दिवा

डिसेंबरात पहाटे खानापूरला निघालो, बेळगावच्या टिळकवाडीतच डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला. आदल्या दुपारी निपाणीहून येताना तापलेल्या टायरांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून घेतलेली. आता गेजवर तिघांत २९, मागच्या डाव्यात २५. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण १ पीएसआय जातो, म्हणून थंडीवर ढकललं. दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरांत ३३ भरली, तरी दिवा ढिम्म! माझ्या गाडीत चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर नाही. ती एबीएसकडून, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेकडून, चाकांचे फेरे मोजते, कमी हवेचं चाक जरा जास्त फिरतं. रीसेट बटण दाबून धरल्यावर विझला. चार दिवसांनी परत. 'खोटाच असणार,' म्हटलं. पंक्चरवाल्या मामांनी त्याच मागच्या डाव्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं, तर बारीक बुडबुडे. आतली पिन बदलली, पुन्हा रीसेट केलं.