बॅटरीपासून एका वितीवर: ॲम्प्लिफायरच्या फ्यूजची तयारी

गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या ॲम्प्लिफायरसाठी बॅटरीजवळ फ्यूज बसवायला रविवारी सकाळी बोनेट उघडणार असाल, तर एक गोष्ट शनिवारीच डोक्यात पक्की करून ठेवा. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नाही. ॲम्प्लिफायरच्या अंगावर त्याचे स्वतःचे फ्यूज असतातच. बॅटरीजवळ आपण बसवतो तो वायरसाठी, आणि त्या वायरशेजारी बसून प्रवास करणाऱ्या आपल्या माणसांसाठी. बारा व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून या कामाला कुणी घाबरत नाही. पण लहान हॅचबॅकची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर काही शे अँपिअर ओकते, आणि तेवढ्या करंटने केबलवरचं प्लास्टिक बघता बघता पेटतं.

माझ्या पहिल्या गाडीत फिटरने फ्यूज डिकीत बसवला होता, ॲम्प्लिफायरला चिकटून. दिसायला नीटनेटकं काम. दोन वर्षांनी बॅटरी बदलताना मी केबल हलवली, तर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या कडेवर तिचं आवरण घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. आणखी थोडं घासलं असतं आणि तांबं पत्र्याला टेकलं असतं, तर डिकीतल्या फ्यूजला काही कळलंही नसतं, कारण शॉर्ट त्याच्या आधीच झाला असता. तेव्हापासून मी जागा आधी ठरवतो आणि खरेदी नंतर करतो. कार ऑडिओच्या कामात बॅटरीच्या प्लसपासून १८ इंचांच्या आत फ्यूज असावा असं सांगतात, म्हणजे आपला एक हात. मी वीतभर अंतरावर बसवतो. केबल पहिल्यांदा पत्र्याला जिथे टेकू शकेल, त्याच्या अलीकडे फ्यूज हवा.

जागा बघायला बोनेट उघडाल तेव्हा एक्झॉस्ट आणि रेडिएटरच्या पंख्यापासून लांबची बाजू शोधा. गाडीला बाहेरून सीएनजी किट लावलं असेल तर गॅस भरायचा व्हॉल्व्ह आणि गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर कुठे आहेत ते नीट पाहा. बऱ्याच गाड्यांत ते बॅटरीच्या आसपासच असतात. फ्यूज होल्डर त्यांच्याजवळ नको, केबल त्या पाइपला बांधणं तर अजिबात नको. जागा ठरली की होल्डर घट्ट कशाला धरणार तेही बघून ठेवा. लोंबकळणारा होल्डर खड्ड्यांच्या रस्त्यावर स्वतःच्याच वजनाने केबल सैल करतो.

आता आकडेमोड. ॲम्प्लिफायरवरचे फ्यूज वाचा आणि त्यांची बेरीज करा. २५ चे दोन असतील तर ५० अँपिअर. खोक्यावरच्या ‘१२०० वॅट’वर विसंबू नका. चार चॅनेलचा, प्रत्येक चॅनेलला खरोखर ७५ वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर, देणारा क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात साधारण ३५ अँपिअर ओढतो, कमी वीज वाया घालवणारा क्लास डी प्रकार त्याहून कमी. गाणं वाजताना सरासरी करंट आणखी खाली असतो. फ्यूजचा आकडा या बेरजेइतका किंवा किंचित वर ठेवा, पण केबलला झेपतं त्याच्यापुढे कधीच नाही. हे दोन्ही जुळत नसेल तर केबल जाड घ्या. फ्यूज वाढवून तो हिशेब जुळवायचा नसतो.

केबलपाशी मात्र वेळ घालवा, कारण फसवणूक इथेच होते. स्वस्त किटमधली केबल बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. हातात हलकी लागते, आणि एखादी तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघते. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या मानाने ती बरीच कमी करंट वाहते. रबराच्या जाडीवरही जाऊ नका, टोक कापून आतलं तांबं बघा. आणखी एक घोळ गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरचा. कार ऑडिओचं गेज अमेरिकन असतं, तर आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन ब्रिटिश गेज धरून बोलतात आणि दोन्हींत ‘८ नंबर’ सारखा नसतो. म्हणून चौरस मिलिमीटरमध्ये विचारा: ८ गेज म्हणजे साधारण ८.४ आणि ४ गेज म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर. शुद्ध तांब्याच्या ८ गेजवर ५० ते ६० अँपिअरचा फ्यूज चालतो, ४ गेजवर १०० चा. वरच्या ५० अँपिअरच्या उदाहरणात मी ४ गेजच घेईन. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटरमध्ये ४० अँपिअरला ८ गेज सुमारे ०.४ व्होल्ट खाते, ४ गेज ०.१६. तिच्यावर मात्र ६० चाच फ्यूज. केबलला १०० झेपतं म्हणून १०० टाकायची गरज नाही.

होल्डर निवडताना मी आधी नाही म्हणतो तो काचेच्या नळीवाल्याला. त्याची टोकं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर धरलेली असतात. इंजिनाच्या उष्णतेत आणि हादऱ्यांत तो दाब सैल होतो, संपर्क तापतो, आणि फ्यूज शाबूत राहून प्लास्टिकच वितळतं. ३० अँपिअरपर्यंत साधा ब्लेड फ्यूज उत्तम, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा, कुठल्याही गॅरेजला मिळणारा. त्याच्या वर ८० पर्यंत मॅक्सी ब्लेड, म्हणजे तोच पण मोठा, आणि त्याच्याही पुढे पट्टीसारखा, स्क्रूने आवळायचा एएनएल किंवा मिनी एएनएल. दुकानात होल्डर उघडून बघा. केबल ज्या भोकात जाते ते खरोखर ४ गेजचं आहे का? वर १०० अँपिअर छापलेले, पण ८ गेजपुढे केबल न घेणारे होल्डर मी हातात धरून परत ठेवले आहेत. स्क्रूचे आटे पितळेत घट्ट बसतात का, झाकणाला रबरी सील आहे का, हेही तिथेच तपासा. कोकणात गाडी असेल तर सीलशिवाय घेऊच नका. खाऱ्या हवेत उघड्या संपर्कावर हिरवा गंज चढायला एक पावसाळा पुरतो. पुण्यात नाना पेठ किंवा तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, अशा ठिकाणी चार होल्डर शेजारी ठेवून बघता येतात, म्हणून मी ही वस्तू घरबसल्या मागवत नाही.

पिशवीत एवढं हवं: १० चा पाना, केबल कापायची कातर, केबलच्या टोकाला लावायचा, तिच्या मापाचा तांब्याचा गोल लग आणि तो दाबायचं क्रिम्पिंगचं हत्यार, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, फायरवॉलच्या भोकासाठी रबरी ग्रोमेट, केबलवर चढवायचा कॉरुगेटेड (वळ्यांचा) पाइप, केबल टाय, मल्टीमीटर. लग पकडीने चेपून भागवू नका. मापाचं हत्यार नसेल तर केबल घेऊन गॅरेजमध्ये जा आणि दाबून आणा.

कामाच्या दिवशी पहिला पाना बॅटरीच्या मायनसवर. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. मायनस सुटलेला असला की ती भीती राहत नाही. केबल ओढताना पिवळ्या आवरणाच्या वायरिंगपासून लांब राहा, ती एअरबॅगची असते. फायरवॉलला आधीच असलेलं भोक आणि ग्रोमेट वापरता आलं तर नवीन पाडू नका. पाडलंच तर कड घासून गुळगुळीत करा, रंग लावा आणि मगच ग्रोमेट बसवा. होल्डरमध्ये केबलचं टोक घालताना एकही तार बाहेर राहू देऊ नका. आवळून झाल्यावर जोर लावून ओढून बघा. निघाली तर आत्ताच निघू दे.

या सगळ्या वेळात फ्यूज तुमच्या खिशात असावा, होल्डरमध्ये नाही. ॲम्प्लिफायर जोडण्याआधी, केबलचं तिकडचं टोक मोकळं असतानाच, मल्टीमीटरने केबल आणि गाडीचा पत्रा यांत बीप येते का ते तपासा. आली तर केबल कुठेतरी सोलली गेली आहे. ती जागा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. बीप नसेल तर ॲम्प्लिफायर जोडा. त्याचा मायनस तेवढ्याच जाडीच्या आखूड केबलने, रंग खरवडलेल्या पत्र्यावर. मायनसच्या केबलवर फ्यूज लागत नाही. मग बॅटरीचा प्लस, मग मायनस, आणि सगळ्यात शेवटी ब्लेड फ्यूज. बसवताना बारीकशी ठिणगी दिसली तर दचकू नका, ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर भरतात तेव्हा ती होते. फ्यूज एएनएल असेल तर मायनस सुटलेला असतानाच तो आवळून घ्या आणि मायनस शेवटी जोडा.

नंतर इंजिन चालू ठेवून ढोल-ताशाचं एखादं रेकॉर्डिंग मोठ्याने लावा आणि मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून होल्डरच्या दोन्ही बाजूंना टोकं लावा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असला तर काम चांगलं झालं. ०.३ दिसले तर ४० अँपिअरला १२ वॅट त्या डबीत नुसती उष्णता होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास निम्मी. स्क्रू सैल आहे किंवा फ्यूजच निकृष्ट आहे. मल्टीमीटर अँपिअरवर लावून करंट मोजायला मात्र जाऊ नका, बहुतेकांची मर्यादा १० अँपिअरची असते. अर्ध्या तासाने होल्डरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

आठवड्याभराने स्क्रू पुन्हा एकदा आवळा, कारण बारीक तारांची केबल दाबाखाली थोडी बसते. त्याच आकड्याचे दोन जादा फ्यूज ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. आणि होल्डरच्या झाकणावर पक्क्या मार्करने लिहून टाका, ‘४ गेज, ६० अँपिअर’, म्हणजे उद्या रस्त्यात दुसऱ्या कुणी बोनेट उघडलं तर तो ८० चा फ्यूज टाकणार नाही.