आपल्या भागातला जीवघेणा चौक दुरुस्त करून घ्यायचाय? मग आधी हे करा

आमच्या सोसायटीबाहेरचा चौक आखला तेव्हा समोर शेतं होती. आता तिथून शाळेच्या बस, डंपर, पाण्याचे टँकर सगळं जातं, चौक मात्र तसाच, दुभाजक मध्येच संपतो आणि झेब्रा पट्टे ओलांडून गेलं की माणूस थेट डीपी बॉक्सला, म्हणजे विजेच्या पेटीला, जाऊन भिडतो. दोन वर्षं मागे लागून यातलं बरंच बदलून घेतलंय म्हणून लिहितेय, कारण सुरुवातीचे सात-आठ महिने आम्ही चुकीच्या ऑफिसात चकरा मारण्यात घालवले.

तर सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते शोधा. पुण्यात महापालिका, पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम विभाग), पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एनएचएआय (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) असे सगळेच आहेत, आणि हद्द कुठे बदलते ते रस्त्यावर लिहिलेलं नसतं. नवले पुलाचा उतार घ्या, २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या उडवल्या, तो हायवे एनएचएआयचा, मग नगरसेवकाकडे कितीही वेळा गेलात तरी तो पत्र पुढे पाठवण्यापलीकडे काय करणार.

मालकी कळायला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, उत्तराची मुदत ३० दिवस. 'रस्ता खराब का आहे' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा: रस्ता कोणाच्या ताब्यात, विकास आराखड्यात रुंदी किती, शेवटचं काम कधी झालं, वर्क ऑर्डरची प्रत, दोष दायित्व कालावधी कधी संपतो. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, 'बजेट नाही' हे उत्तर तिथे चालतच नाही.

दुसरा अर्ज पोलिसांकडे, त्या जागेच्या मागच्या ३ वर्षांतल्या अपघातांसाठी. ब्लॅक स्पॉटची, म्हणजे सरकारी नोंदीतल्या अपघातप्रवण जागेची, व्याख्या अशी आहे की साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे रोज कोणीतरी घसरतंय, हात मोडतोय, पण पोलिसात नोंदच नाही तर कागदावर तुमचा चौक सुरक्षित. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, माणसं मरायची वाट बघायची का? म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे एक वही ठेवली. तारीख, वेळ, कोण पडलं, कशामुळे, पाऊस होता का, दिवे चालू होते का. चार महिन्यांत वहीतून कळलं की बहुतेक लोक संध्याकाळी, डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या वाटेतच पडतात. ज्युनियर इंजिनिअरने पहिल्यांदा नीट ऐकलं ते ही वही बघून.

आता मागणी काय करायची. बहुतेक जण स्पीडब्रेकर मागतात, आम्हीही मागितला होता आणि रातोरात एक डांबराचा उंचवटा आला, त्याच्यावर आजी-आजोबांच्या रिक्षा आदळायला लागल्या. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मानकात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याआधी पाटी आणि वर पट्टे लागतात. तुम्ही उपाय सुचवण्यापेक्षा स्थळपाहणी आणि सेफ्टी ऑडिट मागा. अडचण मात्र मोजून सांगा, टेप घेऊन जा. फूटपाथ चालायला १.८ मीटर मोकळा हवा, आमच्याकडे डीपी बॉक्सपाशी ६० सेंटिमीटर उरला होता, टेप लावलेला तो फोटो अर्जाला जोडला.

अर्ज कायम दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी बोलणं, व्हॉट्सॲप, साहेबांचं 'बघतो', याला पुढे काही किंमत नसते. प्रत वाहतूक शाखेला द्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या, कारण पालिका, पोलीस आणि पीडब्ल्यूडी एकमेकांसमोर बसतात ती जागा हीच. तरी हललं नाही तर लोकशाही दिन आहे, अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा, महिन्याचा पहिला सोमवार.

अर्जात मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ लिहा, २०१९ च्या दुरुस्तीत आलंय, रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणे नसल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. धमकीच्या सुरात लिहू नका, नुसतं नोंदवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर ६ लाख रुपये भरपाईचा आदेश दिलाय, तोही उल्लेख करा.

पैशाचं म्हणाल तर पुणे महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६-०७ पासून आहे, पण अर्ज बजेटच्या कित्येक महिने आधी क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो, तेव्हा पावसाळ्यातच चौकशी सुरू करा.

काम सुरू झालं की रोज कोणीतरी जाऊन उभं राहा. आमच्याकडे दुभाजकाला रिफ्लेक्टर न लावताच बिल निघायला आलं होतं, रात्री फोटो काढून दिला म्हणून थांबलं. डीपी बॉक्स अजून तिथेच आहे, तो वीज कंपनीने हलवायचाय, त्याचा अर्ज मागच्या सोमवारी दिला, आवक क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.